बिघडणाऱ्यांची वंशावळ

जिनिव्हाजवळ, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेखाली साधारण १०० मीटर खोलवर २७ किलोमीटर घेराचा एक बोगदा आहे. सर्न या संशोधनसंस्थेचा लार्ज हेड्रॉन कोलायडर, म्हणजे एलएचसी, त्यात बसवलेला आहे. छायाचित्रांत दिसतात ते त्याचे लांबच लांब निळे चुंबक. सहसा न दिसणारी एक वस्तू त्या चुंबकांच्या आसपास आणि बाजूच्या कपारींमध्ये ठिकठिकाणी बसवलेली आहे. छोटेखानी खोका, त्यातून निघालेली केबल, बाकी काही नाही. असे ४००च्या आसपास खोके या यंत्रात आहेत. त्यांचं नाव रॅडमॉन. बोगद्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सला किती किरणोत्सार सोसावा लागतोय याची नोंद ते ठेवतात.

खोक्याच्या पोटात तीन तऱ्हेचे संवेदक असतात. एक ट्रान्झिस्टर, ज्याच्या आत विद्युतभार अडकून बसतो. एक डायोड, ज्याचा स्फटिक हळूहळू मोडत जातो. आणि संगणकात असते तशी एक मेमरी चिप, जिच्यातले आकडे कुणी हात न लावता उलटतात. तिघांचीही नेमणूक एकाच पात्रतेवर झालेली आहे: किरणोत्सारात ते बिघडतात, आणि ठरलेल्या प्रमाणात बिघडतात. या खोक्याची वंशावळ शोधत मागे गेलं की प्रत्येक पायरीवर हेच दिसतं. आधी कुणाचं तरी नुकसान झालं, कुणीतरी वैतागलं, मग कुणीतरी त्या नुकसानीला आकडे लावले.

मूळपुरुष अर्थातच फोटोची काच. १८९५च्या आधी, क्ष-किरण कुणाला माहीतही नव्हते तेव्हा, विल्यम क्रुक्स यांच्या प्रयोगशाळेत निर्वात नळ्यांजवळ ठेवलेल्या कोऱ्या प्लेटा काळवंडायच्या आणि त्यांनी तो माल सदोष म्हणून कारखान्याला परत पाठवला, अशी गोष्ट सांगतात. १८९६च्या मार्चमध्ये पॅरिसला आंरी बेकरेल यांनी युरेनियमच्या क्षारांखाली ठेवलेली प्लेट धुतली आणि तिच्यावरचा डाग पाहून ते थांबले. माल परत न पाठवता त्यांनी डागाचं कारण शोधलं. किरणोत्सर्गाचा शोध लागला तो असा, खराब झालेल्या प्लेटवरून.

त्यापुढची पायरी १९४०च्या दशकातली, अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पातली. शिकागोच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांच्या छातीवर फिल्मचा छोटा तुकडा असलेला बिल्ला लावायला सुरुवात झाली. अर्नेस्ट वोलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो घडवला. फिल्मसमोर धातूची पातळ पट्टी, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किरण आले याचाही थोडा अंदाज यावा. फिल्म किती काळी झाली ते मोजायचं आणि माणसाच्या नावापुढे आकडा लिहायचा.

त्याच काळातली कोडॅक कंपनीची गोष्ट मला या वंशावळीत फार महत्त्वाची वाटते. १९४५ साली तिच्या क्ष-किरण फिल्मवर बारीक काळे ठिपके येऊ लागले. ज्युलियन वेब या तिथल्या शास्त्रज्ञाने माग काढला तो फिल्मच्या आवेष्टनातल्या पुठ्ठ्यापर्यंत, आणि तिथून इंडियाना राज्यातल्या व्हिन्सेन्स गावच्या कारखान्यापर्यंत. हा कारखाना पुठ्ठा बनवायला वाबॅश नदीचं पाणी वापरायचा. १६ जुलै १९४५ला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला अणुस्फोट झाला होता. त्याची धूळ वाऱ्याबरोबर शेकडो मैल जाऊन पावसासोबत नदीत उतरली होती आणि तिथून पुठ्ठ्यात. सिरियम-१४१ हा किरणोत्सर्गी समस्थानिक त्यात सापडला. वेब यांनी हे सगळं १९४९ साली छापलं. नदी, आवेष्टन आणि बिघडलेला माल, ही त्रयी लक्षात ठेवावी. तीस वर्षांनी ती जशीच्या तशी पुन्हा येणार आहे.

फिल्मच्या बिल्ल्याची शाखा इथे आपल्याकडेही वळते. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने फिल्मच्या जागी स्वतःचा बिल्ला तयार केला. त्यात डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. किरणोत्सारातली ऊर्जा या चकत्या धरून ठेवतात आणि नंतर तापवल्यावर प्रकाशाच्या रूपात सोडतात. दवाखान्यातल्या क्ष-किरण तंत्रज्ञाच्या अंगावर दिसतो तो ‘टीएलडी बॅज’ हाच. पण ही शाखा माणसांची. यंत्राच्या इलेक्ट्रॉनिक्सला बिल्ला लावायची गरज कुणाला तेव्हा वाटत नव्हती.

तशी गरज नव्हतीही. सुरुवातीच्या वेगवर्धकांभोवती चिंता होती ती माणसांची आणि तीही उशिरा सुचलेली. बर्कलीला अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या सायक्लोट्रॉनभोवती न्यूट्रॉन अडवायला पाण्याचे डबे रचलेले असायचे. १९४०च्या दशकाच्या शेवटी सायक्लोट्रॉनवर काम केलेल्या तरुण शास्त्रज्ञांच्या डोळ्यांत मोतीबिंदू सापडू लागले, तेव्हा डबे पुरेसे नव्हते हे कळलं. इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे त्या काळी काचेच्या निर्वात नळ्या. त्यांना किरणोत्साराचं फारसं काही वाटत नसे. पुढे मोठी यंत्रं आली, सर्नचा प्रोटॉन सिंक्रोट्रॉन १९५९मध्ये आणि सुपर प्रोटॉन सिंक्रोट्रॉन १९७६मध्ये सुरू झाला. त्यांतही सोयीची व्यवस्था अशी होती की बोगद्यात चुंबक आणि वर जमिनीवर कंट्रोलची खोली. मधे जाडजूड माती.

बोगद्यात सोसायचं काम होतं ते केबलच्या वेष्टनांना, रबराच्या सीलना आणि चुंबकांमधल्या चिकट रेझिनला. म्हणून सर्नमध्ये दशकानुदशकं ठिकठिकाणी काचेचे छोटे तुकडे आणि ॲलनिनच्या गोळ्या ठेवल्या जात आणि यंत्र बंद झालं की गोळा करून मोजल्या जात. काच किती बदलली त्यावरून वर्षभराची किरणोत्साराची मात्रा. शांत, स्वस्त आणि विश्वासू पद्धत. तिची उणीव एकच, पण मोठी. गेल्या मंगळवारी दुपारी काय झालं, हे ती कधीच सांगू शकत नाही.

आता जमिनीवरून अवकाशात जावं लागतं, कारण ट्रान्झिस्टरची कहाणी तिथे घडली. ९ जुलै १९६२ला अमेरिकेने प्रशांत महासागरावर ४०० किलोमीटर उंचीवर स्टारफिश प्राइम हा १.४ मेगाटनाचा अणुस्फोट केला. दुसऱ्याच दिवशी टेलस्टार हा उपग्रह उडाला. अटलांटिकपलीकडे टीव्हीची चित्रं थेट पोचवणारा हा पहिला उपग्रह. स्फोटाने पृथ्वीभोवतीच्या व्हॅन ॲलन या किरणोत्सारी पट्ट्यांत इलेक्ट्रॉनांची भर घातली होती आणि टेलस्टार त्यातूनच फेऱ्या मारत होता. नोव्हेंबरपर्यंत त्याचं आज्ञा समजून घेणारं सर्किट गप्प झालं. अभियंत्यांनी जमिनीवरून युक्त्या लढवून जानेवारी १९६३मध्ये ते पुन्हा बोलतं केलं, फेब्रुवारीत ते कायमचं गेलं. इलेक्ट्रॉनिक्सचं किरणोत्सारापासून रक्षण हा स्वतंत्र अभ्यासविषय व्हायला या अपघाताने मोठा हातभार लावला.

दोन वर्षांनी, १९६४ साली, अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतले हॅरोल्ड ह्यूज आणि त्यांचे सहकारी यांनी आणखी एक वाईट बातमी दिली. तेव्हा नवा असलेला मॉस ट्रान्झिस्टर उपग्रहांसाठी फार आशेने पाहिला जात होता, वीज कमी लागते म्हणून. ह्यूज यांना आढळलं की तो किरणोत्सारात चांगलाच हळवा आहे. त्याच्या आत सिलिकॉनवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. किरण त्या थरातून गेले की धन भार सुटतो आणि थरातच अडकून बसतो. मग ट्रान्झिस्टर चालू होण्यासाठी लागणारं व्होल्टेज सरकतं, आणि सर्किट बांधणाऱ्याचा हिशेब चुकतो.

अँड्र्यू होम्स-सीडल हे ब्रिटिश शास्त्रज्ञ १९६०च्या दशकात अमेरिकेत आरसीए कंपनीत याच दुखण्यावर काम करत होते. हा भार अडकू नये म्हणून ऑक्साइड कसा पिकवावा, ही सगळ्यांची धडपड. १९७४ साली त्यांनी एका लेखात प्रश्न उलटा केला. भार अडकतोच आहे ना, मग अडकू द्या. उलट थर मुद्दाम जाड करा म्हणजे जास्त अडकेल. व्होल्टेज किती सरकलं ते मोजा, एकूण मात्रा मिळते. या ट्रान्झिस्टरला पुढे रॅडफेट म्हणू लागले. पावसाळ्यात भिंतीवर चढलेली ओल जशी किती पाऊस मुरला ते घरात कुणी नसतानाही सांगते, तसा हा ट्रान्झिस्टर वीज नसतानाही मात्रा साठवत राहतो; वाचायला मात्र क्षणभर प्रवाह सोडला की झालं. आयर्लंडमध्ये कॉर्कच्या टिंडल संस्थेने असे ट्रान्झिस्टर तयार करून अनेकांना पुरवले. ते उपग्रहांवर गेले, कर्करोगाच्या किरणोपचारात रुग्णाच्या त्वचेवर गेले, आणि कणभौतिकीच्या प्रयोगांतही आले. रॅडमॉनमधला पहिला संवेदक हा.

डायोडची शाखा आखूड आहे. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, पण तो स्फटिकातल्या अणूला धडक देऊन जागेवरून हलवू शकतो. यूजीन विग्नर यांनी हे अणुभट्टीतल्या ग्राफाइटबाबत १९४०च्या दशकातच ओळखलं होतं. सिलिकॉनच्या डायोडमध्ये अशा धडका साचत गेल्या की त्यातून ठरावीक प्रवाह ढकलायला जास्त व्होल्टेज लागतं. सर्नच्या लोकांनी यासाठी वापरला तो बाजारात सहज मिळणारा, रिमोट कंट्रोलच्या उपकरणांत जातो तसला साधा फोटोडायोड. इतक्या मामुली वस्तूची इतक्या खर्चिक यंत्रात वर्णी लागावी, याची मला गंमत वाटते.

तिसऱ्या संवेदकाची, मेमरी चिपची, कहाणी सगळ्यांत रसाळ. १९६२मध्येच वॉलमार्क आणि मार्कस या दोघांनी कागदावर हिशेब मांडून म्हटलं होतं की ट्रान्झिस्टर लहान होत गेले तर एक दिवस एकटा वैश्विक किरण त्यांना चकवू शकेल. १९७५ साली बाइंडर, स्मिथ आणि होलमन यांनी उपग्रहांतल्या अशा घटना नोंदवल्या: १७ उपग्रह-वर्षांत मिळून चार. चार म्हणजे दुर्लक्ष करावं इतकेच. पण १९७८मध्ये इंटेलच्या टिमोथी मे आणि मरी वुड्स यांनी एका परिषदेत सांगितलं की पृथ्वीवर, साध्या कार्यालयातल्या मेमरीतही आकडे उलटत आहेत. चिप धड असते, पुन्हा लिहिलं तर बरोबर चालते, फक्त एक बिट शून्याचं एक किंवा एकाचं शून्य झालेलं असतं. कारण चिपच्या सिरॅमिक आवेष्टनात निघालं. त्यात युरेनियम आणि थोरियमचा अंश होता आणि त्यातून सुटणारे अल्फा कण थेट खालच्या सिलिकॉनमध्ये घुसत होते.

पुढे आयबीएमचे जेम्स झीग्लर यांनी सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे त्या सिरॅमिकचा कारखाना कोलोरॅडोच्या ग्रीन नदीवर होता आणि वरच्या अंगाला एक जुनी युरेनियमची खाण होती. पुन्हा नदी, पुन्हा आवेष्टन, पुन्हा बिघडलेला माल. कोडॅकचा पुठ्ठा आणि इंटेलचं सिरॅमिक शेजारी ठेवून पाहिले की वाटतं, या उद्योगांना किरणोत्साराची जाणीव होते ती खोक्यातून, आतल्या मालातून कधीच नाही.

झीग्लर आणि येल विद्यापीठाचे विल्यम लॅनफर्ड यांनी १९७९ साली आणखी एक पाऊल टाकलं. आवेष्टन शुद्ध केलं तरी वैश्विक किरणांतून खाली येणारे न्यूट्रॉन राहतातच, आणि मेमरी लहान होत जाईल तसा त्यांचा त्रास वाढेल, असा त्यांचा हिशेब होता. आयबीएमने तो पडताळायला मेमरीची मांडणी उंच डोंगरातल्या लेडव्हिल गावी नेली, तिथे चुका वाढल्या. कॅन्सस सिटीला खडकाखालच्या गुहेत ठेवली, तिथे चुका थांबल्या. हे वाचलं की सर्नच्या बोगद्याकडे पाहायची नजर बदलते. १०० मीटर मातीखाली वैश्विक न्यूट्रॉन पोचतच नाहीत. मेमरीसाठी याहून सुरक्षित जागा शोधून सापडणार नाही, फक्त तिथे प्रोटॉन आदळवायचे नाहीत.

या सगळ्यातून मेमरी हाच मापक, ही कल्पना जन्माला आली. चिपमध्ये ओळखीचा नमुना लिहून ठेवायचा, ठरावीक वेळाने वाचायचा, किती बिट उलटले ते मोजायचे. एका कणाने बिट उलटायची शक्यता किती, हे आधी माहीत असलेल्या कणांच्या शलाकेत तपासून ठेवलेलं असलं की उलटलेल्या बिटांवरून तिथून किती कण गेले ते निघतं. युरोपीय अवकाश संस्थेने २००५च्या सुमारास ४ मेगाबिटच्या मेमरीवर असा संदर्भ-मापक बांधला. प्रत्येक प्रयोगशाळेतली शलाका खरी किती, याची तुलना त्याने करता येऊ लागली. सर्नने तोशिबाची ४ मेगाबिटचीच एक चिप निवडली आणि स्वित्झर्लंडमधल्या पाउल शेरर इन्स्टिट्यूटच्या प्रोटॉन शलाकेत तिची पारख केली.

आता तिन्ही शाखा एकत्र येतात. एलएचसीची आखणी करताना सर्नपुढे पेच होता. २७ किलोमीटरच्या यंत्रात हजारो अतिसंवाहक चुंबक, आणि प्रत्येकाला जवळच वीज, तापमानाची मोजणी आणि संरक्षण लागतं. सगळं वर जमिनीवर ठेवलं असतं तर केबलचाच खर्च भारी झाला असता. म्हणून बरंचसं इलेक्ट्रॉनिक्स चुंबकांखाली नाहीतर बोगद्याला लागून खोदलेल्या कपारींमध्ये गेलं. अवकाशासाठी बनतात तशा कणखर चिप इतक्या संख्येने घ्यायला पैसा नव्हता. त्यामुळे बाजारातले साधे घटक, थोडी पारख करून. भारताचा वाटा इथे नेमका लागतो. चुंबक अचानक तापला तर त्याची ऊर्जा सर्वत्र पसरवणारे हीटर असतात, आणि त्यांना वीज देणारे पाच हजारांहून जास्त पुरवठा-संच भारतातून गेले. त्यांतले कितीतरी प्रत्यक्ष चुंबकांखालीच बसलेले आहेत. चुंबक ज्यांवर टेकले ते सुमारे सात हजार जॅकही आपल्याकडचे. जॅकला बिट नसतात, त्यामुळे त्यांची काळजी नाही.

किती किरणोत्सार पडेल याचे अंदाज संगणकावर काढलेले होते. समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरला वर्षाला साधारण १ लाख जोरदार न्यूट्रॉन येतात, ज्यात आपला लॅपटॉप सुखाने जगतो. एलएचसीच्या काही कपारींसाठी हाच आकडा १० कोटींच्या घरात होता. तरीही या विषयाला संस्थेत पुरेसं गांभीर्य आलं ते एलएचसी सुरू व्हायच्या आधी, शेजारच्या एका प्रकल्पात फजिती झाली तेव्हा.

तो प्रकल्प म्हणजे सीएनजीएस. सर्नहून न्यूट्रिनो सोडायचे आणि ७३२ किलोमीटरवर इटलीतल्या ग्रान सास्सो डोंगराखाली पकडायचे. त्यासाठी ४०० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे प्रोटॉन ग्राफाइटच्या लक्ष्यावर आदळवायचे. लक्ष्यासमांतर सेवाबोगद्यात साधं औद्योगिक इलेक्ट्रॉनिक्स होतं, त्यात हवा खेळती ठेवणाऱ्या यंत्रणेचं नियंत्रण. २००७ साली शलाका सुरू होऊन काही आठवडे होत नाहीत तोच ते नियंत्रण बिट उलटून बंद पडू लागलं. वायुवीजन नाही म्हणजे शलाका नाही. भूताप्रमाणे आरपार जाणारे कण शोधायला निघालेला प्रयोग पंख्याच्या कंट्रोलरपाशी अडला. मोठ्या विज्ञानावरच्या लेखांत असले पंखे क्वचितच येतात. मला वाटतं, यायला हवेत.

पुढच्या बंदीच्या काळात तिथलं इलेक्ट्रॉनिक्स हलवलं, काँक्रीटच्या भिंती उभारल्या. आणि संस्थेने हाच प्रश्न एलएचसीला लावून पाहिला: आपण तिथेही असंच करून ठेवलंय का? उत्तर अर्धंअधिक ‘हो’ असं होतं. किरणोत्सार आणि इलेक्ट्रॉनिक्स या नात्यावर आर-टू-ई नावाचा प्रकल्प उभा राहिला. रॅडमॉन त्याआधीपासून होता, पण आता तो निर्णय घेण्याचं साधन झाला. संगणकाने काढलेला अंदाज आणि खोक्याने मोजलेला आकडा शेजारी ठेवायचे, कुठे भिंत जाड करायची, कुठलं कपाट हलवायचं, कुठे हात लावायची गरज नाही ते ठरवायचं. ज्या सीएनजीएसच्या सेवाबोगद्यात फजिती झाली होती तीच जागा पुढची काही वर्षं इलेक्ट्रॉनिक्स मुद्दाम ठेवून तपासायला वापरली गेली. २०१४पासून हे काम चार्म नावाच्या खास सोयीत होतं. प्रोटॉन सिंक्रोट्रॉनची २४ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टची शलाका धातूच्या ठोकळ्यावर आदळवायची आणि उडणाऱ्या मिश्र कणांच्या पावसात अख्खं कपाटच्या कपाट उभं करायचं.

हिशेब असा झाला. यंत्राच्या कामाचं माप इन्व्हर्स फेम्टोबार्न नावाच्या एककात होतं. एक एकक म्हणजे साधारण ७० ते ८० लाख कोटी टकरी. २०११ साली प्रत्येक एककामागे किरणोत्सारामुळे इलेक्ट्रॉनिक्स चुकून १२ वेळा शलाका सोडून द्यावी लागत होती. प्रत्येक वेळी यंत्र पुन्हा भरून टकरी सुरू व्हायला काही तास. २०१२मध्ये हे प्रमाण ३ वर आलं. वर्षाची एकूण संख्या दोन्ही वर्षी ७०च्या जवळपासच होती, कारण टकरी चौपट झाल्या होत्या. म्हणजे यंत्र जितकं पुढे धावत होतं तितकेच डागडुजी करणारेही धावत होते. २०१३-१४च्या मोठ्या बंदीत कपाटं हलवली, भिंती वाढवल्या, चुंबकांना प्रवाह देणाऱ्या शेकडो संचांचे नियंत्रक नंतर नव्याने बांधले. उद्दिष्ट प्रत्येक एककामागे ०.५च्या खाली ठरलं.

दरम्यान खोकाही बदलत होता. त्याची एक मूळ अडचण अशी की तो स्वतःच इलेक्ट्रॉनिक्स आहे. राखण करायची ज्यांची, त्यांच्याच जातीचा राखणदार. म्हणून पुढच्या आवृत्तीत संवेदक एका बाजूला आणि वाचणारं सर्किट लांब, कमी मार बसेल अशा ठिकाणी ठेवायची सोय झाली. दुसरी अडचण जास्त सूक्ष्म होती. बिट उलटवणारे कण दोन जातीचे असतात: जोरदार हेड्रॉन (प्रोटॉन, न्यूट्रॉनसारखे कण), आणि धडका खाऊन थकलेले मंद न्यूट्रॉन. मंद न्यूट्रॉन स्वतः काही करत नाहीत, पण चिपमध्ये बोरॉन-१० असला तर तो त्यांना गिळतो आणि अल्फा कण सोडतो. इंटेलच्या सिरॅमिकमधलं जुनं दुखणं असं मागच्या दाराने परत येतं. भिंतीआडच्या कपारींत या थकलेल्या न्यूट्रॉनांचंच प्रमाण वाढतं. रॅडमॉनमध्ये मग मेमरी दोन वेगळ्या व्होल्टेजवर चालवली, ५ आणि ३. कमी व्होल्टेजला बिट धरून ठेवणारा भार कमी असल्याने मंद न्यूट्रॉनांचा प्रभाव जास्त. दोन मोजण्या, दोन अज्ञात राशी. शाळेतल्या एकसामयिक समीकरणांसारखं सुटतं.

अलीकडची पिढी आणखी पसरली आहे. बॅटमॉन नावाचा खोका बॅटरीवर चालतो आणि लोरा या कमी विजेच्या रेडिओ पद्धतीने बोलतो, त्यामुळे केबल नसलेल्या कोपऱ्यातही टांगता येतो. दुसरी दिशा प्रकाशतंतूंची. किरणोत्सारात काच काळवंडते आणि तंतूतून जाणारा प्रकाश क्षीण होतो, हे दूरसंचारवाल्यांचं जुनं गाऱ्हाणं. फॉस्फरस मिसळलेल्या तंतूत हे काळवंडणं मात्रेच्या प्रमाणात होतं आणि सहजी भरून येत नाही. तेव्हा वेगवर्धकाला लागून असा तंतू ओढायचा, त्यात प्रकाशाचा स्पंद सोडायचा आणि कुठल्या मीटरवर तो किती मंदावला ते परतणाऱ्या प्रकाशावरून वाचायचं. सर्नच्या जुन्या सिंक्रोट्रॉनांमध्ये असे तंतू बसले आहेत. बेकरेलच्या काळवंडलेल्या प्लेटचा हा थेट वंशज, फक्त काही किलोमीटर लांब.

रॅडमॉनची एक आवृत्ती अवकाशातही गेली. सर्न आणि माँपेलिए विद्यापीठाने मिळून सेलेस्टा नावाचा १० सेंटिमीटर बाजूचा छोटा उपग्रह बांधला, तो उडण्याआधी चार्ममध्ये अखंड तपासला, आणि १३ जुलै २०२२ला व्हेगा-सी रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात सोडला. उंची ५,९०० किलोमीटरच्या आसपास, आतल्या व्हॅन ॲलन पट्ट्यात. साठ वर्षांपूर्वी टेलस्टारची कक्षा वर पोचायची ती जवळपास इथपर्यंतच.

२०३०च्या सुमारास एलएचसीची वाढवलेली आवृत्ती सुरू व्हायची आहे. वर्षाला सुमारे २५० एकक टकरींचा बेत आहे. २०११चं प्रमाण तसंच राहिलं असतं तर वर्षाला ३,००० वेळा, म्हणजे चालू दिवसांत रोज पंधराहून जास्त वेळा, यंत्र थांबलं असतं. एवढ्या वेळात ते पुन्हा भरूनही झालं नसतं. उद्दिष्ट आहे दर एककामागे ०.१. त्यासाठी मोजणी आजच्याहून दाट लागेल, आणि तिथे मापक बांधणाऱ्यांची अडचण बाजाराच्या उलट दिशेने येते. मेमरीचे कारखाने आता चिपमध्येच चूक दुरुस्त करणारं सर्किट घालू लागले आहेत. उलटलेला बिट वाचायच्या आधीच आतल्या आत सरळ होतो. बाकी सगळ्या जगाला तसंच हवंय. रॅडमॉनला मात्र लागते ती दुरुस्ती न करणारी, जुन्या वळणाची मेमरी, आणि तीही एकाच लॉटमधली, कारण लॉट बदलला की हळवेपणा बदलतो आणि पाउल शेररच्या शलाकेत सगळी पारख पहिल्यापासून करावी लागते.